बावीस बोअरच्या रायफलीला दुर्बीण कोणती?
दुर्बीण घेताना गिऱ्हाईक आधी विचारते, 'किती पट?' आम्ही सांगू, आधी अंतर पाहा. .२२ रिमफायर बोल्ट रायफलीचे काम बहुधा २५ ते १०० यार्डांत असते. मोठ्या काडतुसांच्या रायफलींसाठीची दुर्बीण सहसा १०० यार्ड किंवा पुढच्या अंतरासाठी जुळवलेली येते. जवळच्या निशाण्यावर डोळा जरा हलला की तिची फुली सरकते आणि नेम चुकतो. म्हणून ५० यार्डांसाठी जुळवलेली, २ ते ७ पट, ३२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण बहुतेक कामांना पुरते. पकडी घेण्याआधी रायफलीवरची खाच मोजावी, अनेक.२२ रायफलींवर ती सुमारे ११ मिलिमीटर असते. मात्र ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. त्यासाठी घ्याल तर पैसे वाया जातील.