जला, भेडी आणि खाजण : सॉल्ट लेकच्या भूवापर-नियमांची परिभाषा

नगररचनेच्या कायद्यांतील परिभाषा हा विषय वाङ्मयाच्या अभ्यासकास दूरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि एखाद्या भूमीस कायदा कोणत्या नावाने ओळखतो, यावर त्या भूमीचे आणि तिच्यावर जगणाऱ्यांचे भवितव्य अवलंबून असते. कोलकात्याच्या पूर्वेकडील सॉल्ट लेक हे उपनगर याचे बोलके उदाहरण होय. त्याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कोलकात्याची भूमी हुगळीच्या काठाशी उंच असून पूर्वेकडे उतरत जाते. त्यामुळे शहराचे सांडपाणी व पर्जन्यजल नदीकडे न वळता पूर्वेच्या दलदलीकडे वाहते. येथील खारी सरोवरे विद्याधरी नदीच्या भरतीवर पोसलेली होती. नदी गाळाने भरत गेली व १९२८ साली ती मृत ठरविण्यात आली. भरतीचे पाणी येईनासे झाल्यावर, १९३० च्या सुमारास, स्थानिक मत्स्यपालकांनी शहराचे सांडपाणीच उथळ तळ्यांत घेऊन मासे वाढविण्याची रीत रूढ केली. सूर्यप्रकाश, शेवाळ व जीवाणू यांच्या योगे त्या पाण्यातील मैला विघटित होतो, त्यातून उपजणाऱ्या सूक्ष्म जीवांवर मासे पोसतात, आणि निवळलेले पाणी पुढे भातशेतीस मिळते. या तळ्यास बंगालीत 'भेडी' म्हणतात. मुळात हा शब्द बांधाचा वाचक आहे. बांधाचे नाव बांधाने अडविलेल्या पाण्यास मिळाले. आपल्याकडील कोकण-गोमंतकातील 'खाजण' हा शब्दही भरतीच्या पाण्याशी मनुष्याने केलेल्या अशाच तडजोडीची खूण आहे.

परंतु लोकभाषेतील ही नावे नियोजनाच्या कागदावर उतरतातच असे नाही. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना १९६२ साली हुगळीचा गाळ नळांवाटे आणून ही 'जला' बुजविण्यास प्रारंभ झाला. युगोस्लाव्ह वास्तुविशारद दोब्रिवोये तोश्कोविच यांनी नव्या नगराचा आराखडा केला. फाळणीनंतर वाढलेल्या शहरास घरांची निकड होती, हे नाकारता येत नाही. मात्र पाण्याखालची जमीन म्हणजे उपयोगात न आलेली जमीन, ही या कार्यामागील धारणा होती. तेथील मासेमारी हा त्या जमिनीचा वापरच होता, ही गोष्ट तीत बसत नव्हती. अद्वैत मल्लबर्मन यांच्या 'तितास एकटि नदीर नाम' (१९५६) या कादंबरीत नदी आटल्यावर वर आलेल्या भूमीवर इतरांचा ताबा बसतो व मालो मच्छीमारांची वस्ती मोडते. पाणी गेले की त्यावरील हक्कही जातो, हे सत्य तेथे कथेच्या रूपाने येते.

उरलेल्या जलक्षेत्राचे रक्षण झाले ते त्यास नाव मिळाल्यामुळे. अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी सांडपाण्याच्या या व्यवस्थेचा अभ्यास करून तिचा नकाशा सिद्ध केला. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने एका स्वयंसेवी संस्थेच्या अर्जावरून येथील भूवापर बदलण्यास प्रतिबंध केला. २००२ साली सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्र रामसर यादीत आले, आणि २००६ च्या राज्य कायद्याने प्राधिकरणाच्या अनुमतीवाचून वापर बदलण्यास मनाई केली. येथे 'वापर' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयास हवा. तळे बुजवून घर बांधणे हा जसा बदल, तसा काठावर भंगार, प्लॅस्टिक वा रसायनांची पिंपे उघड्यावर रचून ठेवणे हाही बदलच होय; कारण पावसाच्या पहिल्या सरीबरोबर त्यांतील विष कालव्यातून भेडीत उतरते. मैला पचविणारे जीवाणू जड धातू पचवू शकत नाहीत.

तरीही परिभाषेचा प्रश्न मिटलेला नाही. २०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांच्या व्याख्येतून भातखाचरे, तसेच मत्स्यपालन व मीठ-उत्पादन यांसाठी मुद्दाम केलेली जलस्थाने वगळली आहेत. कोलकात्याच्या भेडींना रामसर नोंदीचा व स्वतंत्र कायद्याचा आधार आहे. मुंबईच्या मिठागरांना तसा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्यास पसरावयास जागा लागते, हे मुंबईस कळून चुकले. असे असूनही २०२४ साली तेथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन घरबांधणीसाठी देण्यास केंद्र सरकारने मान्यता दिली. घरांची निकड तेथेही खरी आहे. पण १९६२ साली सॉल्ट लेकमध्ये जी धारणा होती, तीच येथे पुन्हा आढळते.

मनुष्याचा हात लागला म्हणून पाणथळ जागा पाणथळ राहत नाही, हा या व्याख्येचा गर्भितार्थ आहे. भेडी, खाजण, मिठागर हे शब्द नेमके याच्या उलट सांगतात. त्यांत पाणी आणि श्रम यांची फारकत नाही. कायद्याने ही शब्दसंपत्ती स्वीकारली, तर त्या पाण्याबरोबरच ते राखणाऱ्या माणसांचाही विचार त्यास करावा लागेल. आपापल्या भाषेतील अशा शब्दांचा अर्थनिर्णय करून ठेवणे, एवढे कार्य तरी भाषांच्या अभ्यासकांकडून अपेक्षिण्यास हरकत नसावी.