गड उतरला, ताप चढला

पाऊस स्थिरावला की मालेगाव, वाशीम, अकोला भागातील तरुणांचे पाय सातपुड्यातील नरनाळा किल्ल्याकडे वळतात. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातील या गडावर वन विभागाच्या परवानगीनेच जाता येते. निसरड्या वाटेची, सापांची धास्ती सगळ्यांना असते. कमरेएवढ्या गवताची मात्र कुणालाच नसते.

या गवतात चिगर माइटच्या, डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या अळ्या असतात. त्या चावल्या की ‘ओरिएन्शिया सुत्सुगामुशी’ हा जिवाणू शरीरात शिरून स्क्रब टायफस होऊ शकतो. २०१८ मध्ये या आजाराने विदर्भात बळी घेतले.

साधारण ६ ते २१ दिवसांनी थंडी वाजून ताप येतो. डोके व अंग दुखते. डेंग्यू, मलेरियाचाच संशय येतो. काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली विडीचा चटका बसल्यासारखा, न दुखणारा काळा व्रण ही खरी खूण; पण ती प्रत्येकात आढळत नाही. म्हणूनच ‘डोंगरात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. डॉक्सिसायक्लिन वेळेत सुरू झाल्यास ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदूवर परिणाम होतो. यावर लस नाही.

चढाईला पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँट मोज्यात खोचावी. गवतावर आडवे होऊ नये. घरी येताच साबणाने आंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुवावेत. धुऱ्यावर गवत कापणाऱ्यांनीही हीच काळजी घ्यावी. किडा गड आणि शेत असा भेद करीत नाही.