डेकच्या पोटातलं पाणी

न्यूयॉर्कच्या १९५९ सालच्या बोट प्रदर्शनात २८ फुटी ‘पिअर्सन ट्रायटन’ लोकांसमोर आली. कार्ल अल्बर्ग यांनी आखलेल्या या फायबरग्लासच्या शिडाच्या होड्या पुढच्या काही वर्षांत सातशेच्या आसपास बांधल्या गेल्या; बहुतेक अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल इथे. त्यातल्या कितीतरी आजही समुद्रात जातात. तळ आणि बाजू अजून भक्कम आहेत. दुखणं निघतं ते डेकमध्ये.

डेक हलकं हवं, पण पावलाखाली लवायला नको. भरीव पत्र्याची जाडी दुप्पट केली तर तो आठपट ताठ होतो, मात्र वजनही दुप्पट होतं. म्हणून फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये गाभा म्हणून हलक्या बाल्सा लाकडाचे ठोकळे, तंतू उभे ठेवून, चिकटवले गेले. रचना खरोखरच उत्तम आहे. बाल्सात पाणी तंतूंच्या दिशेने झरझर जातं, आडवं फार सावकाश पसरतं. पण ठोकळ्यांमध्ये फटी राहिल्या असतील तर पाण्याला आयती वाट मिळते.

पाणी शिरतं बोल्टच्या भोकांतून. कठड्याचे खांब, दोर बांधायचे क्लीट यांच्यावर सतत ताण येतो, त्यांच्याभोवतीचं सीलंट वर्षानुवर्षांच्या उन्हाने तडकतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. इथे तो त्याच्या कितीतरी वर जातो. थंड प्रदेशात हेच पाणी गोठून सुमारे ९ टक्के फुगतं आणि थर गाभ्यापासून सुटतात.

नुकसान कुठवर पोचलंय ते कानाने कळतं. माठ घेताना तो वाजवून बघतात, तसं डेकवर प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर गाभा धड आहे. आवाज बद्द झाला की तिथे खडूने खूण करायची.

मग बारीक भोकं पाडून आत इपॉक्सी रेझिन सोडण्याचा मोह होतो. माझं स्पष्ट मत आहे, हे करू नये. ओल्या, कुजलेल्या लाकडात इपॉक्सी नीट मुरत नाही आणि पाणी मात्र आत कोंडलं जातं. करवतीचं पातं वरच्या थराच्या जाडीइतकंच ठेवून तो थर कापून उचलायचा, कुजका बाल्सा खरवडून काढायचा आणि उरलेलं सगळं कोरडं होऊ द्यायचं. या वाळवण्यात घाई केली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. त्यानंतर घट्ट केलेल्या इपॉक्सीत नवा बाल्सा बसवून जुना थर वर चिकटवायचा.

खरी ताकद सांध्यात लागते. थर ३ मिलिमीटरचा असेल तर कापाच्या दोन्ही बाजू सुमारे ३६ मिलिमीटर रुंद उतरत्या घासायच्या आणि त्यावर काचेच्या कापडाचे थर इपॉक्सीत भिजवून बसवायचे. एरवी स्वस्त पडणारं पॉलिएस्टर रेझिन जुन्या, कडक झालेल्या थराला इपॉक्सीइतकं धरत नाही. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून वरून रंग हवाच.

बोल्ट परत बसवण्याआधी प्रत्येक भोक मोठं करून, कडेचा बाल्सा कोरून तिथे इपॉक्सी भरायचं आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध नवं भोक पाडायचं. पुढे कधी सीलंट फुटलंच, तरी पाण्याला लाकूड सापडत नाही.