कोबाल्ट आणि हृदय

मानवी शरीरास काही धातूंची गरज असते. परंतु ती इतकी अल्प, की त्यांना 'लेशधातू' म्हणतात. कोबाल्ट हा त्यांपैकी एक होय. ब१२ जीवनसत्त्वाच्या रेणूत मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो व या जीवनसत्त्वावाचून रक्तातील तांबड्या पेशी नीट तयार होत नाहीत. परंतु हाच धातू लवणांच्या रूपाने अधिक प्रमाणात पोटात गेल्यास हृदयास घातक ठरू शकतो.

ऑगस्ट १९६५ ते एप्रिल १९६६ या काळात कॅनडातील क्वेबेक शहरी ४८ रुग्णांना एक विलक्षण हृद्रोग जडला. त्यांना धाप लागे, हृदय फुगलेले दिसे व रक्तदाब घसरे. त्यांपैकी २० जण दगावले. हे सर्व प्रतिदिनी कित्येक लिटर बिअर पिणारे होते. मृतांच्या गळ्यातील अवटू ग्रंथीतही विकृती आढळली. कोबाल्टमुळे या ग्रंथीत बिघाड होतो हे ठाऊक असल्याने संशय त्या धातूकडे वळला. बिअरवरील फेस टिकावा म्हणून जुलै १९६५ पासून तीत कोबाल्ट सल्फेट मिसळले जात होते. ते बंद होताच नवे रुग्ण आढळेनासे झाले.

तथापि एक कोडे उरले. रक्तक्षयावर उपाय म्हणून कोबाल्टची लवणे याहून मोठ्या मात्रेत दिली जात, तरी त्या रुग्णांत असा हृद्रोग सहसा दिसत नसे. मग येथेच का दिसावा?

याचे उत्तर बहुधा रुग्णांच्या आहारात आहे. हृदयाचे स्नायू अखंड कार्य करीत असल्याने त्यांना ऊर्जेचा अखंड पुरवठा लागतो. त्यासाठी पेशींत पायरूव्हिक अम्लाचे ज्वलन व्हावे लागते. कोबाल्ट या क्रियेत अडथळा आणतो. आणि याच क्रियेस ब१ जीवनसत्त्वही आवश्यक असते. बिअरवरच पोट भरणाऱ्या या लोकांच्या आहारात प्रथिने व ब१ यांचा तुटवडा होता. म्हणजे एकाच ठिकाणी दोन आघात झाले. शिवाय अतिमद्यपानाने हृदय आधीच दुबळे झालेले होते.

आज कोबाल्टमिश्रित धातूचे कृत्रिम खुब्याचे सांधे बसविलेल्या काही रुग्णांत, सांधा झिजून रक्तातील कोबाल्ट वाढल्याने, क्वचित असाच विकार आढळला आहे. अशा रुग्णास धाप लागू लागल्यास रक्तातील कोबाल्ट तपासणे इष्ट होय.

तात्पर्य, धातूची मात्रा सुरक्षित आहे की नाही हे केवळ तिच्या वजनावरून ठरत नाही. ती कोणाच्या शरीरात जाते हेही पाहावे लागते. सुपोषित मनुष्य जी मात्रा सहज पचवितो, तीच कुपोषितास प्राणघातक ठरू शकते.