छाया : आठवड्याची गोळी

कोनच्या आमच्या बचत गटात बैठक संपली की कुणीतरी हळूच म्हणतं, “ताई, रोजची गोळी विसरते हो.” त्यांच्यासाठी ‘छाया’ आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तिच्यात हार्मोन नाहीत, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची. तो रविवार असेल, तर तीन महिने दर रविवारी आणि बुधवारी एकेक. पुढे फक्त रविवारी. सुरुवातीला पाळी लांबू शकते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली, तर तपासून घ्या. कावीळ झाली असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा.

आशाताईंना विचारायला लाजू नका. आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी गोळीचीही फुली मारा!