पाऱ्यावर मोजलेला योग

अमरावतीत व्यायामाचा विषय निघाला की गाडी आपसूक हनुमान व्यायाम प्रसारक मंडळावर येते. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही संस्था. राजगुरूंसारखा क्रांतिकारक इथे व्यायामाचे धडे घेऊन गेला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. मल्लखांब-लेझीमच्या शेजारी आता मंडळात योगही शिकवला जातो. पण योगशिक्षक हा पेशा आज वऱ्हाडात गल्लोगल्ली दिसतो, त्याचं बरंचसं श्रेय मी जगन्नाथ गणेश गुणे यांना देतो. पुढचे स्वामी कुवलयानंद ते हेच.

जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातेतल्या डभोईचा. घरची गरिबी, आईबाप लवकर गेलेले. तरी १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात अंग कमावलं. मग खान्देशात, अंमळनेरला, राष्ट्रीय शिक्षणाचं काम. १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदास भेटले आणि मास्तरांची वाट वळली. (माधवदासांचेच दुसरे शिष्य योगेंद्र यांनी मुंबईत १९१८ मध्येच संस्था काढली होती, हेही सांगितलं पाहिजे.)

गुरूनं शिकवलेलं गुण्यांनी मुकाट्यानं गिरवलं नाही, तपासायला घेतलं. बस्तिक्रियेत योगी पाण्यात बसून नौली करतो आणि पाणी गुदद्वारातून आत खेचलं जातं. ते कशाच्या जोरावर? गुण्यांनी साधकाच्या मोठ्या आतड्यात नळी घातली आणि तिचं दुसरं टोक पाऱ्याच्या दाबमापकाला जोडलं. पोटाचे दोन उभे स्नायू नौलीत पुढे काढले की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे पाऱ्यानं दाखवून दिलं. पाणी वर चढतं ते या निर्वातामुळे. त्याला त्यांनी गुरूचं नाव दिलं, ‘माधवदास व्हॅक्यूम’. गुरुदक्षिणेची ही तऱ्हा मला फार आवडते.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात गुण्यांची कैवल्यधाम ही संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघालं. प्रयोगांचे आकडे त्यात छापले जात. गांधीजींनी तब्येतीसाठी त्यांचा सल्ला घेतला, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे के. टी. बेहानन कैवल्यधामात राहून अभ्यास करून गेले.

पण खरी गंमत प्राणायामाची. अकोल्यात मे महिन्यात साडेपाचलाच घाम फुटतो. तसल्या पहाटे सतरंजीवर बसवून योगाचे सर हमखास सांगतात, ‘दमानं घ्या जी, श्वास दाबून कायले धरता? जेवढा मोठा श्वास, तेवढा जास्त ऑक्सिजन!’ पहिलं वाक्य लाख मोलाचं. दुसरं मात्र कुवलयानंदांनी त्यांच्या काळातच मोजून बाद केलं होतं. प्राणायामात शरीर नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन शोषून घेत नाही, असं त्यांना आढळलं. प्राणायामाचं मोल त्यांनी मज्जासंस्थेवरच्या आणि पोटातल्या दाबाच्या परिणामांत शोधलं. प्राणायामावर ज्याची श्रद्धा, त्यानंच हे छापावं, याला धाडस लागतं. योगानं अमका रोग बरा होतो म्हणून फ्लेक्स लावणाऱ्यांकडे मला ते दिसत नाही.

१९३० च्या दशकात संयुक्त प्रांतातल्या शाळांच्या व्यायामात त्यांचा अभ्यासक्रम आला. शेकडो पोरांना एकदम शिकवायचं तर गुरूच्या पायाशी बारा वर्षं बसण्याची सोय नव्हती, म्हणून आसनं क्रमानं, पायऱ्या पाडून लिहावी लागली. १९५१ साली लोणावळ्यात योगाचं महाविद्यालय निघालं, गोरधनदास सेक्सरिया यांच्या नावाचं, आणि योगशिक्षकाच्या हातात पदविका आली. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजी गेले. पुढचा कारभार शिष्य स्वामी दिगंबरजींनी पाहिला. पदविका, पदव्या आता वऱ्हाडातही मिळतात, आणि त्यांच्या अभ्यासक्रमात कुवलयानंदांची ‘आसने’ आणि ‘प्राणायाम’ ही पुस्तकं अजून लावली जातात. प्राणायामाच्या पुस्तकातलं ऑक्सिजनचं पान परीक्षेला विचारायला हरकत नाही.