पाटे बसणे (मोटारगाडी)

पाटे बसणे म्हणजे मोटारगाडीच्या मागील ॲक्सलला आधार देणाऱ्या पोलादी पाट्यांचा बाक कायमचा कमी होऊन गाडीची मागील बाजू मूळ उंचीपेक्षा खाली येणे होय. हा दोष प्रामुख्याने जुन्या गाड्यांत आढळतो. भारतातील ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, मारुती ओम्नी आणि विविध प्रकारच्या जीप या गाड्यांची मागील बाजू पाट्यांवर उभी असते. नागपूर व विदर्भात या अवस्थेला ‘गाडी मागून बसली’ असे म्हणतात. पाटा गाडीचे वजन पेलतो, तसाच मागील ॲक्सल जागेवर धरूनही ठेवतो. त्यामुळे बसलेल्या पाट्यांचा प्रश्न गाडीच्या रूपापुरता नसून ब्रेक, वळण आणि रात्रीचा प्रकाश यांच्या सुरक्षिततेशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान घोडागाड्यांच्या काळापासून वापरात आहे. इंग्लंडमधील ओबाडाया इलियट यांनी १८०४ साली दीर्घवर्तुळाकार कमानीचे एकस्व घेतले. पुढे तिचा अर्धा भाग, म्हणजे आजचा धनुष्याकृती पाटा, मोटारगाड्यांनी स्वीकारला.

मुंबईच्या कुर्ला भागातील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाट ११०० या इटालियन गाडीची निर्मिती होत असे. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. तिच्या पुढील बाजूस गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागील बाजूस पाटे होते. मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीवर आधारलेली ॲम्बेसेडर पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत होती. तिच्या पुढील बाजूस पीळ सहन करणारे दांडे असून मागे पाटेच होते. यांपैकी अनेक गाड्या आजही हौशी मालकांकडे आणि जुन्या कुटुंबांकडे जपलेल्या आहेत.

रचना व कार्य

एका पाट्यात वेगवेगळ्या लांबीच्या अनेक पट्ट्या असतात. व्यवहारात संपूर्ण जुडग्याला आणि त्यातील प्रत्येक पट्टीलाही ‘पाटा’च म्हटले जाते. सर्वांत लांब पट्टी म्हणजे मुख्य पाटा. तिची दोन्ही टोके वळवून त्यांत रबरी बुश बसवलेले असतात. पुढचे टोक गाडीच्या सांगाड्याला पक्के जोडलेले असते, तर मागचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या कडीला जोडतात. चाक वर उचलले गेले की पाटा सपाट होऊन लांबतो. त्या लांबण्याला शॅकल वाट करून देते.

सर्व पट्ट्या मधोमध एका सेंटर बोल्टने ओवलेल्या असतात. या बोल्टचे डोके ॲक्सलवरील भोकात बसते आणि ॲक्सलची जागा निश्चित करते. त्यावरून यू-बोल्ट आवळून पाटा व ॲक्सल एकत्र बांधले जातात. इंजिनाचा जोर, ब्रेकचा ताण आणि वळणावरील आडवा रेटा हे सर्व मागील चाकांकडून गाडीकडे पाट्यामार्फतच पोहोचते.

लहान पट्ट्यांचा बाक मुख्य पाट्यापेक्षा किंचित अधिक ठेवलेला असतो. जुडगे आवळल्यावर लहान पट्ट्या मुख्य पाट्याला वरच्या बाजूस रेटतात आणि त्याच्यावरील ताण हलका करतात. जुडगे खोलून पुन्हा जोडताना पट्ट्यांचा क्रम किंवा बाक बदलला, तर हा समतोल बिघडतो.

शॉक ॲब्सॉर्बर हा स्वतंत्र भाग आहे. तो पाट्याची हालचाल आवरतो. गाडीचे वजन पेलत नाही. गाडी मागून बसली म्हणून केवळ शॉक ॲब्सॉर्बर बदलल्यास उंचीत सहसा लक्षणीय फरक पडत नाही.

पाटे का बसतात

पाट्यांसाठी सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियमयुक्त मिश्र पोलाद वापरतात. ते तापवून तेलात विझवले जाते आणि नंतर मध्यम उष्णतेवर पुन्हा तापवून त्याला लवचीकपणा दिला जातो. असे पोलाद वाकून पूर्ववत होते. मात्र ताण लवचीकतेच्या मर्यादेपलीकडे गेला, तर प्रत्येक वेळी बाकाचा थोडासा अंश कायमचा हरपतो. वर्षानुवर्षे हे अंश साठत जातात.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. बसलेल्या पाट्याचा ताठरपणा फारसा कमी झालेला नसतो. त्याचा बाक कमी झालेला असतो. ताठरपणा घटण्याची मुख्य कारणे दोन: एखादी पट्टी तुटणे आणि गंजामुळे पट्ट्यांची जाडी कमी होणे. पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून जाडी १० टक्के घटली, तर ताठरपणा सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो. बाक हरवलेला पाटा दुरुस्त होऊ शकतो. गंजून झिजलेला पाटा दुरुस्त होत नाही.

अतिरिक्त वजन हे बसण्याचे सर्वपरिचित कारण आहे. मुंबईतील पद्मिनी टॅक्सींच्या डिकीत सीएनजीचा पोलादी सिलिंडर बसवला जात असे. असे कायमचे वजन आणि त्यावर प्रवासी व सामान यांचा भार आल्यास पाटा सतत अधिक ताणाखाली राहतो. लग्नसराईत डिकी गच्च भरून केलेला लांबचा प्रवासही हेच काम थोड्या काळात करतो.

नागपूर परिसरातील परिस्थिती

विदर्भात अनेक ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पुरेसा पाया न घातलेले रस्ते त्यामुळे लाटांसारखे उंचसखल होतात. अशा रस्त्यावर वेगाने गेल्यास पाटा वारंवार पूर्ण दाबला जातो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसवर जातो. या उष्णतेने रबरी बुश लवकर कडक होऊन तडकतात. पोलादावर मात्र हवेतील उष्णतेचा असा परिणाम होत नाही. पाट्याला दिलेले तापसंस्कार बिघडण्यास शेकडो अंश तापमान लागते.

गतिरोधक हा आणखी एक घटक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असते. गल्लीबोळांतील अनेक उंचवटे याहून बरेच अरुंद असतात. त्यांच्यावरून जाताना बसलेल्या गाडीचा ॲक्सल रबरी ठोकळ्यावर आदळतो आणि तो धक्का थेट सांगाड्याला बसतो.

परिणाम

मागील बाजू खाली गेली की पुढील दिव्यांचा झोत वर उचलला जातो. समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात आणि स्वतःच्या चालकाला जवळचा रस्ता कमी दिसतो. प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलून विशिष्ट वेगाला थरथर जाणवू शकते. एकाच बाजूचा पाटा बसल्यास गाडी तिरकी दिसते. सेंटर बोल्ट तुटल्यास मात्र ॲक्सल पुढे-मागे सरकतो, गाडी एका बाजूस ओढते आणि ब्रेक लावताना तिचे मागचे अंग भरकटू शकते. ही अवस्था तातडीच्या दुरुस्तीची असते.

तपासणी

दुरुस्तीपूर्वी कारण निश्चित करणे आवश्यक असते. गाडी सपाट जमिनीवर उभी करून डिकी रिकामी करतात आणि सर्व चाकांतील हवा योग्य प्रमाणात असल्याची खात्री करतात. मागील बाजू दोन-तीनदा हाताने दाबून सोडल्यावर चाकाच्या केंद्रापासून वरील पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजतात. टायरचा परिणाम टाळण्यासाठी जमिनीपासून न मोजता चाकाच्या केंद्रापासून मोजणे श्रेयस्कर असते.

डिकी रिकामी केल्यावर गाडी मूळ उंचीवर आली, तर पाटे बसलेले नसून वजन जास्त आहे असे समजावे. उदाहरणार्थ, एका पाट्याला एक सेंटिमीटर दाबण्यास २० किलोग्रॅम लागतात असे मानले, तर ६० किलोग्रॅमचे सामान दोन्ही पाट्यांवर समान वाटले जाऊन गाडी दीड सेंटिमीटर खाली येईल. ते उतरवल्यावर ती वर यायलाच हवी.

त्यानंतर पट्ट्यांवरील भेगा, सरकलेल्या पट्ट्या, सैल यू-बोल्ट, फाटलेले बुश आणि शॅकल जोडलेल्या जागेचा गंज तपासतात. ॲम्बेसेडरसारख्या गाड्यांना मालमोटारीसारखी वेगळी चौकट नसते. त्यामुळे पाट्याच्या टेकूजवळील पत्रा कुजला असेल, तर आधी ते काम करावे लागते. कुजलेल्या पत्र्यावर नवा पाटा बसवणे धोक्याचे ठरते.

दुरुस्तीचे मार्ग

नवा पाटा बसवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. दोन्ही बाजूंचे पाटे एकत्र बदलतात. अन्यथा नवी बाजू उंच राहते. जुने यू-बोल्ट ताणलेले असल्याने तेही नवे घेतात.

पुन्हा बाक देणे हे पाटे बनवणाऱ्या कारागिरांचे पारंपरिक कौशल्य आहे. जुडगे खोलून प्रत्येक पट्टी स्वच्छ केली जाते आणि तडा गेलेली पट्टी बाद केली जाते. पट्टीची आतली बाजू वर करून ती दोन टेकूंवर ठेवतात आणि न तापवता घणाच्या ठोक्यांनी थोडाथोडा बाक देत जातात. दोन्ही बाजूंचा बाक जमिनीवर आखलेल्या एकाच रेषेशी ताडून पाहतात. हे काम चांगले झाल्यास मूळ पोलाद टिकते. तरीही असा पाटा नव्यापेक्षा लवकर बसण्याची शक्यता असते. काही ठिकाणी गॅसच्या ज्योतीने पट्टी लाल करून वाकवली जाते. तेवढ्या जागेचे तापसंस्कार नष्ट होऊन ती मऊ किंवा ठिसूळ होते. संपूर्ण पट्टी पुन्हा तापवून, तेलात विझवून आणि योग्य उष्णतेवर संस्कारित करण्याची सोय असेल, तरच तापवण्याचा मार्ग स्वीकारावा.

जादा पट्टी घालणे हा स्वस्त व प्रचलित उपाय आहे. त्याने उंची वाढते, पण ताठरपणाही वाढतो. रिकामी गाडी उडू लागते आणि मुख्य पाट्याच्या टोकांवर अधिक ताण येऊ शकतो. कायम जड सामान वाहणाऱ्या गाडीलाच तो शोभतो. लांब शॅकल लावल्याने उंची थोडी वाढते; मात्र आडवा डगमगाट वाढतो आणि ॲक्सलचा कोन बदलतो. मूळ दोष तसाच राहतो.

काम करताना घ्यावयाची काळजी

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. पुढच्या चाकांना अडण लावून सांगाडा मजबूत पोलादी स्टँडवर टेकवावा आणि ॲक्सलला स्वतंत्र आधार द्यावा. पाट्यांचे जुडगे खोलताना सेंटर बोल्टवर ताण असतो. म्हणून दोन्ही बाजूंना मजबूत क्लॅम्प लावून ते सावकाश सैल करतात.

बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच शेवटचे आवळतात. गाडी उचललेल्या स्थितीत ते आवळल्यास रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. काही दिवसांच्या वापरानंतर यू-बोल्ट पुन्हा तपासतात आणि दिव्यांचा झोत नव्या उंचीप्रमाणे जुळवून घेतात.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि नंतर ती पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. त्या वेळी गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याची तपासणी होते. नागपूर शहरातील एमएच-३१ क्रमांकाच्या जुन्या गाड्यांनाही हा नियम लागू आहे. याच अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील मूळ निर्मात्याच्या वर्णनापेक्षा वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत. मूळ मापाचे पाटे बसवणे ही साधी दुरुस्ती होय.

हे सुद्धा पाहा

ॲम्बेसेडर (मोटारगाडी)
प्रीमियर पद्मिनी
शॉक ॲब्सॉर्बर
पोलाद